जागृती पुरे, हिशेब द्या

स्वच्छ सर्वेक्षणाची पाहणी जवळ आली की महाराष्ट्रातल्या शहरांच्या भिंती रंगू लागतात. उड्डाणपुलांच्या खांबांवर हिरवा आणि निळा डबा हसताना दिसतो, घंटागाडीच्या भोंग्यावर नवे गाणे लागते, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात आणि सभागृहात जमलेली मंडळी उजवा हात पुढे करून शपथ घेतात. हे सगळे एका समजुतीवर उभे आहे. लोकांना माहीत नाही म्हणून ते कचरा वेगळा करत नाहीत, त्यांना सांगितले की करतील, ही ती समजूत. घनकचऱ्याविषयीचे देशव्यापी नियम पहिल्यांदा २००० साली आले. त्यांच्यामागे अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली याचिका होती. कुजणाऱ्या कचऱ्यावर प्रक्रिया करावी, तो डेपोवर नेऊन टाकू नये, हे तेव्हाच लिहिले गेले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणे बंधनकारक केले आणि मिश्र कचरा डेपोवर ओतणे थांबवायला सांगितले. एवढे होऊनही बहुतेक शहरांच्या वेशीवर कचऱ्याचे डोंगर उभेच आहेत. पाव शतकाच्या उपदेशाचे हे फळ असेल, तर ऐकणारे बहिरे आहेत की सांगणारेच भलतीकडे बोट दाखवत आहेत, हे तपासायला हवे. लोकांना ज्ञान कमी पडलेले नाही, त्यांना हिशेब मिळालेला नाही, असे माझे मत आहे. आणि कचऱ्याचा संबंध आता हवामानाशी जोडला गेल्याने हा हिशेब लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

हा संबंध नेमका कसा आहे, ते आधी पाहू. आपल्या शहरांतला निम्मा किंवा त्याहून जास्त कचरा स्वयंपाकघरातला आणि मंडईतला असतो. भाजीची देठे, उरलेला भात, केळीची साले, निर्माल्य हे हवेत कुजले तर त्याचे खत होते आणि त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतींनी थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला असतो. तोच ऐवज प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वीस-तीस मीटर उंच ढिगाखाली गाडला की तिथे हवा पोचत नाही, वेगळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ऐंशी पटींहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञगटाच्या सहाव्या अहवालानुसार आजवरच्या तापमानवाढीत एकट्या मिथेनचा वाटा सुमारे अर्धा अंश सेल्सिअस आहे. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी साधारण पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्यातून येतो. मिथेनचा एक गुण मात्र आपल्या बाजूचा आहे. तो हवेत दशकभरच टिकतो. कोळशातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके रेंगाळतो, त्यामुळे त्यातली आजची कपात नातवंडांच्या उपयोगी पडते. मिथेनमधली कपात मात्र आज मतदान करणाऱ्या माणसाला त्याच्याच हयातीत दिसू शकते. हवामानाच्या सगळ्या उपायांत असा रोख व्यवहार फार थोडा आहे.

डेपोतून वर जाणारा हा वायू डोळ्यांना दिसत नाही, पण उपग्रहांना दिसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या शहरांतल्या डेपोंवरचा मिथेन उपग्रहांतून मोजण्यात आला. मुंबईतल्या एकाच डेपोवरून ताशी जवळपास दहा टन मिथेन सुटत असल्याचा अंदाज त्यात आहे, म्हणजे शहराच्या एकूण मिथेनचा सुमारे चौथा भाग. हाच वायू डेपोंतल्या आगी भडकवतो. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या डेपोला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, तिचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांत उमटला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दुसऱ्या बाजूने तापलेले हवामान कचऱ्याची किंमत वसूल करते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस असा एकदम कोसळू लागला की नाल्यात अडकलेली पिशवी ही किरकोळ बाब उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्या पाण्यापुढे कोणतीही गटारव्यवस्था हतबल झाली असती हे खरे, पण तुंबलेल्या नाल्यांनी ते संकट वाढवले. प्लास्टिकच्या पिशव्यांवरचे राज्यातले कडक निर्बंध त्यानंतरचे आहेत.

आता मूळ प्रश्न. हे लोकांना कळत नाही का? येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांच्या २०२२ च्या देशव्यापी पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला जेमतेम माहिती आहे किंवा आपण कधी ऐकलेच नाही, असे सांगितले. तिचा अर्थ थोडक्यात समजावल्यावर मात्र ८४ टक्के लोक म्हणाले, हो, असे घडते आहे. संज्ञा ठाऊक नव्हती, अनुभव होता. मृगाचा भरवसा उरला नाही हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुठल्या भित्तिपत्रकाने शिकवावे लागत नाही. कचऱ्याच्या बाबतीत तर आपल्याकडचे ज्ञान आणखी जुने आहे. गावाकडचा उकिरडा ही ओल्या कचऱ्याची जागच्या जागी लावलेली विल्हेवाटच होती. वर्षातून एकदा ते खत शेतात जायचे. शहरातही जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडी घेतली जात आणि वर्तमानपत्रांची रद्दी घड्या घालून महिनोन्महिने जपली जाते. म्हणजे जे घर रद्दीचा एक कागद ओला होऊ देत नाही, तेच घर बटाट्याची साले आणि दुधाची पिशवी एकाच थैलीत कोंबते. ही विसंगती अज्ञानाने समजत नाही. रद्दीवाला दारात येतो, काटा लावतो, मोजून पैसे देतो. घंटागाडी थैली घेते आणि निघून जाते. त्या थैलीचे पुढे काय झाले हे घराला कोणी सांगत नाही, आणि ती नीट वेगळी केली होती की नव्हती याने कशातच फरक पडत नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्या पैसे देऊन परत घेण्याची योजना होती. ती नीट चालली असती, तर त्या पिशव्याही रद्दीच्या शेजारी घड्या घालून ठेवलेल्या दिसल्या असत्या.

फरक पडत नाही हे लोकांना लवकर कळते. हिरव्या आणि निळ्या डब्यांतला कचरा गल्लीच्या तोंडाशी एकाच कॉम्पॅक्टरमध्ये रिचवला जाताना एकदा पाहिले, की वर्षभराची जनजागृती त्या क्षणी संपते. पुन्हा कचरा एकत्र टाकू लागणारा माणूस बेशिस्त ठरवला जातो, पण तो तर्कानेच वागत असतो. यंत्रणा तसे का करते, यालाही कारण आहे. अनेक शहरांत वाहतुकीच्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. कचरा जितका ओला, जड आणि मिश्र, तितके बिल मोठे. अशा करारात ओला कचरा सोसायटीतच जिरवणारे कुटुंब ठेकेदाराचे नुकसान करत असते. ज्या व्यवहारात नागरिकाच्या शिस्तीने कोणाचे तरी उत्पन्न घटते, तिथे भिंतीवरचा हसरा डबा बिचारा काय करणार?

याउलट जिथे दारात रोज तपासणारे कोणी आहे, तिथे चित्र बदलते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तिची सभासदसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास आहे आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांची मिळकत दोन वाटांनी येते: घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री. भाजीच्या रसात भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, म्हणून कचरा नीट वेगळा झाला आहे की नाही यात त्यांचा रोजचा भाकरीचा प्रश्न असतो. ‘ताई, हे पुन्हा एकत्र केलंत’ हे वाक्य दारात उभी असलेली कचरावेचक बोलते, तेव्हा त्याला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त वजन असते, कारण उद्या सकाळी ती पुन्हा येणार असते. या स्त्रियांनी भंगाराच्या साखळीत परत पाठवलेल्या प्रत्येक टनामागे नवे प्लास्टिक आणि नवा कागद करण्याची ऊर्जा वाचते. हे हवामानाचेच काम आहे. ते आपण दलित-बहुजन बायकांकडून अल्प मोबदल्यात करून घेतो आणि त्यांच्या कराराच्या नूतनीकरणाचा प्रश्न दर थोड्या वर्षांनी टांगता ठेवतो, हेही नोंदवले पाहिजे. जागृतीची गरज सर्वाधिक कोणाला आहे, याचे उत्तर यातून कदाचित महापालिकेच्या सभागृहाकडे बोट दाखवेल.

छोट्या गावांतही हे जमले आहे. वेंगुर्ले नगर परिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचे अनेक प्रकार वेगळे करून घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिक रस्त्याच्या कामात अशी वाट लावली आणि जिथे डेपो होता ती जागा लोकांनी येऊन पाहावी अशी केली. जेमतेम बारा हजार वस्तीच्या गावाचा दाखला महानगराला लागू पडत नाही असे म्हणता येईल. मग इंदूर घ्या. होळकरांच्या या शहराचे मराठी माणसाशी नाते जुने आहे आणि २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत ते सलग अव्वल राहिले. तिथला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प चालतो तो काचा-प्लास्टिक नसलेल्या ओल्या कचऱ्यावर. तो तसा मिळतो, कारण गाडीतच कप्पे वेगळे आहेत आणि मिश्र कचरा दारातच अडवला जातो. इंदूरकर मुंबईकरांपेक्षा किंवा नागपूरकरांपेक्षा मुळात अधिक जागरूक जन्माला येतात, असे कोणी म्हणणार नाही.

दृष्टीआड सृष्टी ही आपल्या शहरांची खरी कचरानीती आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले, माश्या आणि दुर्गंधी घरात शिरली, आणि शहराला याची जाणीव झाली ती ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या तेव्हा. २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यानंतर असेच जवळपास तीन आठवडे घडले. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या कचरागाड्या नारेगाव परिसरातल्या ग्रामस्थांनी थांबवल्या. पर्यायी जागा शोधत गाड्या मिटमिट्याला पोचल्या तेव्हा तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. या दोन्ही शहरांनी कचऱ्याबद्दल त्या दिवसांत जितका विचार केला तितका आधीच्या दहा वर्षांत केला नसेल. गावकऱ्यांना पर्यावरणाचे व्याख्यान कोणी दिलेले नव्हते. त्यांच्याकडे शहराच्या कचऱ्याचा हिशेब होता, शहराकडे नव्हता, एवढाच फरक.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रभागाच्या आरोग्य कोठीबाहेर एक फळा लावा. काल या प्रभागातून किती ओला, किती सुका आणि किती मिश्र कचरा गेला, तो कुठे उतरवला गेला, त्याचे किती खत किंवा गॅस झाला, एवढे त्यावर रोज लिहा. वजनकाटे डेपोवर आहेतच, गाड्यांना जीपीएसही बसवलेले असते. म्हणजे आकडे यंत्रणेकडे आहेत, ते लोकांपर्यंत येत नाहीत. ठेकेदाराचे बिल मिश्र टनावर काढू नका, वेगळ्या आलेल्या ओल्या कचऱ्यावर काढा. ‘माझी वसुंधरा’ अभियानात आणि शहरांच्या हवामान कृती आराखड्यांत झाडांची संख्या आणि सौर दिव्यांची संख्या उत्साहाने मोजली जाते. त्यांच्या आधी डेपोवर गेलेल्या मिश्र कचऱ्याचे टन हा आकडा ठेवा. तो घटला तर शहराने हवामानासाठी काही केले. तो वाढत असेल, तर बाकीचा आराखडा सुबक छपाईपलीकडे जात नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो असा, की कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांपुढे आणि श्रीमंत देशांच्या उत्सर्जनापुढे आमच्या बटाट्याच्या सालींची काय मातब्बरी. आक्षेपात तथ्य आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन श्रीमंत देशांच्या तुलनेत खूपच कमी आहे आणि घरगुती सवयींच्या गप्पा मारून मोठ्या प्रदूषकांना मोकळे सोडण्याची चाल जगभर चालते. पण कचऱ्याच्या मिथेनला हा युक्तिवाद लागू पडत नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत मिथेन २०३० पर्यंत तीस टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा अनेक देशांनी केली, भारताने केली नाही. आपला मिथेन मुख्यतः भातशेती आणि गुराढोरांतून येतो, तो लहान शेतकऱ्याच्या पोटाशी बांधलेला आहे, हे आपले म्हणणे, आणि ते रास्त आहे. डेपोतल्या मिथेनवर मात्र कोणाचे पोट नाही. तो थांबवला तर आग, दुर्गंधी आणि विहिरीत झिरपणारे काळे पाणी एकदमच कमी होते. जग काय करते याची वाट न पाहताही हा सौदा फायद्याचाच आहे.

दुसरा आक्षेप यंत्रभक्तांचा. वेगळे करण्याचा खटाटोप कशाला, सरसकट सगळे जाळा आणि वीज करा. आपला कचरा परदेशातल्यासारखा कोरडा नाही. शिजवलेल्या अन्नातले पाणी आटवण्यात बरीच उष्णता खर्ची पडते, आणि जे चांगले जळते ते प्लास्टिक म्हणजे पेट्रोलियमच असते. त्यातून निघणारा धूर कोणाच्या वस्तीवर जाणार, यावरून दिल्लीत ओखल्याच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला आहे. शिवाय अशी भट्टी एकदा उभी राहिली की तिला रोज कचरा पुरवण्याचा करार होतो, आणि कचरा कमी करणे हाच मग करारभंग ठरू लागतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झोपडपट्टीत दहा बाय दहाच्या खोलीत दोन डबे ठेवायचे कुठे, आणि सोसायट्यांतली खतयंत्रेसुद्धा बंद पडून धूळ खात असतील तर गरीब वस्तीकडून काय अपेक्षा करायची? मुंबईत २०१७ मध्ये मोठ्या गृहसंकुलांना ओल्या कचऱ्याची व्यवस्था आपल्या आवारात करायला सांगितल्यावर अनेकांनी यंत्रे घेतली आणि पुढे बंद ठेवली, हे खरेच आहे. त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. यंत्र खरेदी झाले की यादीत टिकमार्क होतो, त्यातून किती खत निघाले हे कोणी मोजत नाही, म्हणून यंत्र बंद पडते. खतही नीट केले नाही, वरखाली केले नाही, तर त्यातूनसुद्धा वास आणि मिथेन निघतो. ते कोणाच्या तरी पगारी कामाचा भाग असावे लागते. गरीब वस्तीबद्दल बोलायचे तर तिथे दरडोई कचरा मुळात कमी होतो आणि विकता येण्याजोगा माल तिथून आधीच वेचला जातो. सक्ती वरून खाली आणावी: आधी हॉटेले, मंगल कार्यालये, मंडया आणि मोठी संकुले, मग चाळी आणि वस्त्या. एका लग्नाच्या हॉलमधून रात्री निघणारे उरलेले अन्न एका गल्लीच्या आठवड्याच्या कचऱ्याला भारी पडेल, आणि तिथे दंड वसूल करायला पत्ता शोधावा लागत नाही.

जागृती मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यावा, म्हणजे वेचणाऱ्या हाताला उघडा स्पर्श होत नाही, ही पुण्यातली मोहीम माहिती देणारीच होती आणि ती उपयोगी ठरली. बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, परसात प्लास्टिक जाळल्याने घरातल्या लहान मुलांच्या फुप्फुसांत काय जाते, हे सांगायलाच हवे. गावागावांत आता पाकिटे पोचली आणि उकिरडा गेला, तिथे तर ते तातडीने सांगायला हवे. पण ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय वेगळे करायचे आणि त्याने काय बदलेल हे दाखवता येत असेल, तेव्हाच सांगण्याला अर्थ आहे.

तेव्हा यंदा सोसायटीच्या सभेत किंवा मंडळाच्या बैठकीत पुन्हा स्वच्छतेची शपथ घ्यायचा प्रस्ताव आला, तर तो बाजूला ठेवा आणि प्रभाग कार्यालयाला लेखी विचारा: गेल्या महिन्यात आमच्या प्रभागातून किती टन मिश्र कचरा डेपोवर गेला, आणि त्याच्या वाहतुकीचे किती पैसे कोणत्या दराने दिले? उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवस.